यादी म्हणून वापरून पाहिलेला पुरस्कार : सुवर्ण मेलिएस

युरोपातील सर्वोत्तम विज्ञानपटाला, अद्भुतपटाला किंवा भयपटाला दरवर्षी दिला जाणारा 'मेलिएस द'ऑर', म्हणजेच सुवर्ण मेलिएस, हा पुरस्कार मी गेली काही वर्षे एका अगदी घरगुती कामासाठी वापरत आलो आहे. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर काय पाहायचे, हे मी त्याच्या यादीवरून ठरवतो. नोकरीनिमित्त बार्सिलोनात राहत असताना ही सवय लागली आणि पुण्याला परतल्यावरही ती सुटली नाही. ज्या पुरस्काराच्या भरवशावर मी इतक्या रात्री घालवल्या आणि क्वचित घरच्यांचा रोषही ओढवून घेतला, तो त्या भरवशाला कितपत उतरतो, हे आता सविस्तर सांगायला हरकत नसावी. सुरुवातीलाच निकाल द्यायचा तर पाचपैकी चार गुण. गेलेला एक गुण चित्रपटांच्या निवडीमुळे गेलेला नाही. तो कशामुळे गेला, ते पुढे येईलच.

पुरस्कार देणाऱ्या महासंघाची स्थापना १९८७ साली झाली. त्याचे कार्यालय ब्रुसेल्सला आहे. आधी त्याचे नाव 'युरोपियन फँटास्टिक फिल्म फेस्टिव्हल्स फेडरेशन' असे होते आणि आता ते 'मेलिएस इंटरनॅशनल फेस्टिव्हल्स फेडरेशन' असे आहे. सुवर्ण मेलिएस १९९६ पासून दिला जातो. त्याची रचना मराठी वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची घडण पुष्कळशी तशीच आहे. गावोगावच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते आणि केंद्रावर पहिले आलेले नाटक अंतिम फेरीला जाते. इथे केंद्रांच्या जागी महोत्सव आहेत. बेल्जियममधील ब्रुसेल्स, पोर्तुगालमधील लिस्बन, स्वित्झर्लंडमधील नॉशातेल, इटलीतील त्रिएस्ते, स्वीडनमधील लुंड, स्पेनच्या कातालोनियातील सित्जेस अशा ठिकाणचे महोत्सव आपापल्या स्पर्धेतील सर्वोत्तम युरोपीय चित्रपटाला 'मेलिएस द'अर्जां', म्हणजे रौप्य मेलिएस, देतात. वर्षभरातील रौप्यविजेते मग सुवर्णासाठी एकमेकांसमोर उभे राहतात. लघुपटांसाठीही अशीच वेगळी स्पर्धा असते. सुवर्ण मेलिएसचा सोहळा कोणत्या तरी सदस्य महोत्सवात पार पडतो, आणि ते यजमानपद अनेकदा सित्जेसकडे आलेले आहे.

या पुरस्काराचे खरे बळ मला या रचनेत दिसते. एका शहरात, एका परीक्षक मंडळाने, एका आठवड्यात दिलेला निर्णय त्या आठवड्याच्या वातावरणावर फार अवलंबून असतो. इथे मात्र अंतिम फेरीला पोहोचलेला प्रत्येक चित्रपट कोणत्या ना कोणत्या गावच्या थिएटरात, त्या गावच्या भयपटवेड्या प्रेक्षकांसमोर आधीच उभा राहून आलेला असतो. ही गावेही एकमेकांसारखी मुळीच नाहीत. ब्रुसेल्सचा महोत्सव १९८३ पासून चालू आहे आणि तिथला प्रेक्षक गप्प बसण्यासाठी येतच नाही. पडद्यावर एखाद्याने दार उघडे टाकले, की सगळे सभागृह फ्रेंचमध्ये 'दार! दार!' असे ओरडते, आणि पौर्णिमेचा चंद्र दिसला, की शेकडो माणसे लांडग्यासारखी आरोळी ठोकतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिली दहा मिनिटे मला हा प्रकार असह्य वाटला. मग लक्षात आले, की एका विशिष्ट प्रसंगी हे सभागृह आपणहून शांत झाले आहे आणि त्या शांततेत शेजारच्या बाईच्या हातातल्या कागदी पिशवीचा आवाजही ऐकू येतो आहे. अशा प्रेक्षकाला गप्प करणे ज्या चित्रपटाला जमते, त्याच्याकडे काही तरी असलेच पाहिजे. याउलट नॉशातेल हे तळ्याकाठचे शांत, नीटनेटके गाव आहे. तिथला महोत्सव जुलैमध्ये भरतो आणि त्याच्या मुख्य पुरस्काराला एच. आर. गीगर या स्विस कलावंताचे नाव आहे. त्रिएस्तेचा इतिहास आणखी मागे जातो. त्या शहरात १९६३ पासून १९८२ पर्यंत विज्ञानपटांचा महोत्सव सान जुस्तोच्या किल्ल्यावर भरत असे, आणि आजचा महोत्सव २००० साली त्याच परंपरेवर उभा राहिला. ओरडणारा, शांत बसणारा आणि अभ्यासू अशा तिन्ही प्रकारच्या प्रेक्षकांच्या गावांतून चित्रपट वर येत असतील, तर त्या यादीवर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

पुरस्काराला दिलेले नावही मला फार उचित वाटते. जॉर्ज मेलिएस हा मुळात जादूगार. पॅरिसमधील रोबेर-उदँ हे जादूच्या प्रयोगांचे थिएटर त्याने १८८८ साली विकत घेतले. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ पाहिल्यावर त्याने ही नवी यंत्रविद्या आपल्या हातचलाखीला जोडली. त्याने सुमारे पाचशे चित्रपट केले आणि १९०२ साली चंद्राच्या डोळ्यात रुतलेले यान जगाला दाखवले. पुढे धंदा बुडाला, तेव्हा स्वतःच्या निगेटिव्ह स्वतःच्याच हाताने जाळून तो मोंपार्नास स्टेशनवर खेळणी विकत बसला. (आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेऊन जादूचे प्रयोग केले होते. दोन दूरच्या देशांत चित्रपटाची सुरुवात जादूगारांच्या हातून व्हावी, हे मला कधीच योगायोगाचे वाटले नाही.) मेलिएसच्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटाची हाताने रंगवलेली प्रत हरवली आहे, असेच अनेक वर्षे मानले जात होते. ती १९९३ साली बार्सिलोनातील चित्रपट संग्रहालयात पोहोचली तेव्हा जवळजवळ दगड झालेली होती. कित्येक वर्षे खपून ती सोडवण्यात आली आणि २०११ साली कान महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली. बार्सिलोनापासून सित्जेस लोकल गाडीने अर्ध्यापाऊण तासावर आहे. मेलिएसच्या नावाचा पुरस्कार तिथे दिला जाताना पाहायला मी पहिल्यांदा निघालो, तेव्हा डब्यात बसून मी याच प्रतीचा विचार करत होतो.

सित्जेस हे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. उंचवट्यावर चर्च आहे आणि त्याच्या पायाशी लाटा आदळतात. दर ऑक्टोबरमध्ये चेहऱ्याला खोटे रक्त फासलेली तरुण मुले त्याच पायऱ्यांवर बसून पाव खाताना दिसतात. हा महोत्सव १९६८ पासून चालू आहे आणि किंग काँग हे त्याचे चिन्ह आहे. हजाराहून अधिक आसनांचे मोठे सभागृह एका हॉटेलात आहे. पण मला जास्त जिव्हाळा वाटतो तो 'रेतिरो' आणि 'प्रादो' या जुन्या सभागृहांचा. गावातल्या लोकांच्या मंडळांनी बांधलेली ही सभागृहे पाहून मला थेट आपल्याकडच्या जुन्या नाट्यगृहांची आठवण झाली. तिकडे जाणाऱ्या वाचकासाठी एक सूचना करतो. चित्रपट मूळ भाषेत असतात आणि उपशीर्षके स्पॅनिश किंवा कातालानमध्ये असतात. इंग्रजी उपशीर्षके आहेत की नाहीत, हे तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक खेळासाठी वेगळे तपासून घ्यावे.

आता निवडीविषयी. एकाच विजेत्याकडे नीट पाहिले, तर हा पुरस्कार कशाची कदर करतो हे पुरेसे कळते. टोमास आल्फ्रेडसन यांच्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश चित्रपटाला २००८ सालचा सुवर्ण मेलिएस मिळाला. त्याच वर्षी नॉशातेलचा मुख्य पुरस्कारही त्याने मिळवला होता. त्या वर्षी ऑस्करसाठी स्वीडनने मात्र दुसराच चित्रपट पाठवला. स्वदेशातील निवड समितीपेक्षा भयपटांच्या महोत्सवांना या चित्रपटाची किंमत आधी कळली, असे मी म्हणेन. इतक्या वर्षांनंतर तो पुन्हा पाहिला, तरी हा निर्णय बरोबरच ठरतो.

स्टॉकहोमच्या उपनगरातील एका वसाहतीत राहणारा ओस्कार हा बारा वर्षांचा मुलगा शाळेत रोज मार खातो. शेजारच्या घरात एली नावाची, त्याच्याच वयाची दिसणारी मुलगी राहायला येते. एली ही व्हँपायर, म्हणजे माणसांचे रक्त पिऊन जगणारी. व्हँपायरांच्या कथेतला एक जुना नियम असा, की 'आत ये' असे म्हटल्याशिवाय त्यांना कोणाच्या घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. या नियमाचा वापर शेकडो चित्रपटांनी युक्ती म्हणून केला आहे. न बोलावता आत आले तर नेमके काय होते, हे इथे ओस्कार एलीला विचारतो आणि तोंडाने आमंत्रण द्यायचे टाळतो. एली एक शब्दही न बोलता उंबरठा ओलांडून आत येते. क्षणभर काहीच घडत नाही. मग तिच्या अंगातून, डोळ्यांतून, कानांतून रक्त झिरपू लागते. घाबरलेला ओस्कार तिला मिठी मारतो आणि ओरडून तिला आत बोलावतो. या प्रसंगात भीती आहे, किळस आहे, पण प्रेक्षकाच्या मनात उरते ती करुणा, आणि एका मुलाने दुसऱ्यावर केलेल्या निष्ठुर चेष्टेची शरम. आपल्या रसशास्त्रात भयानक, बीभत्स आणि करुण हे वेगवेगळे रस आहेत. ते तिन्ही एकाच मिनिटात एकमेकांच्या आड न येता उभे करणारा दिग्दर्शक विरळा, आणि मला वाटते सुवर्ण मेलिएस नेमकी हीच किमया शोधत असतो. होयते व्हान होयतेमा यांचे छायाचित्रण त्या बर्फाळ वसाहतीला कुठेही भीषण करून दाखवत नाही. तिथे वाळत घातलेले कपडे आहेत, खेळाच्या मैदानातली लोखंडी शिडी आहे, दिव्याचा पिवळा गोल आहे. भय बाहेरून येत नाही, ते त्या घरांच्या भिंतींतच असते, आणि त्याच भिंतीवर टकटक करून ही दोन मुले एकमेकांशी बोलतात.

याच चित्रपटाच्या बाबतीत २००९ साली एक गोष्ट घडली, आणि परभाषेतील चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा चित्रपटगृहातील चांगली उपशीर्षके काढून त्या जागी सोपी केलेली, संवादांतला बारीक अर्थ गाळलेली उपशीर्षके घातलेली होती. रसिकांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवली, तक्रारी केल्या, आणि पुढच्या आवृत्तीत मूळ उपशीर्षके परत आली. पुरस्कारप्राप्त युरोपीय चित्रपट आपण पाहतो ते बहुतेक वेळा उपशीर्षकांमधूनच, तेव्हा एखादा विजेता चित्रपट सपक वाटला, तर दोष चित्रपटाचा की अनुवादाचा, हे पाहिल्याशिवाय मत बनवू नये, असे मी या अनुभवावरून शिकलो.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांपेक्षाही या पुरस्काराचा जो भाग मला अधिक भरवशाचा वाटतो, तो लघुपटांचा. चित्रपट पूर्ण लांबीचा असला, की वितरक, अनुदान, नावाजलेला नट अशा अनेक गोष्टी त्याच्याबरोबर चालत येतात. लघुपटाला पंधरा-वीस मिनिटांत एकच कल्पना खरी करून दाखवावी लागते. त्रिएस्तेला पोलितेआमा रोस्सेत्ती या भव्य नाट्यगृहात युरोपीय लघुपटांचा एक सबंध कार्यक्रम मी पाहिला. बाहेर 'बोरा' हा त्या शहराचा प्रसिद्ध वारा सुटला होता, आणि दर लघुपटानंतर अंधार झाला, की छताकडून त्याचा आवाज ऐकू येई. एकामागून एक वेगवेगळ्या देशांतले लघुपट पाहताना लक्षात येत गेले, की प्रत्येक देशाचे भय वेगळे आहे. कुठे ते रिकाम्या गावाचे आहे, कुठे म्हाताऱ्या आईवडिलांच्या घराचे, कुठे ऑफिसातल्या यंत्राचे. मराठी भयकथेचा वाचक या लघुपटांत लगेच रमेल, कारण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्याला आखीव, एका बैठकीत संपणाऱ्या भयाची गोडी लावून ठेवली आहे. ज्यांना या पुरस्काराची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी रौप्यविजेत्या लघुपटांपासूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह राहील. त्यांतले काही दिग्दर्शकांनी आपणहून इंटरनेटवर ठेवलेले असतात.

आता तो गेलेला गुण. हा पुरस्कार स्वतःची ओळख करून देण्यात फार कमी पडतो. एका सदस्य महोत्सवात, ज्याचे नाव मी इथे घेत नाही, मी माहितीच्या टेबलाशी जाऊन विचारले, की या वर्षी रौप्य मेलिएसच्या स्पर्धेत नेमके कोणते चित्रपट आहेत. टेबलामागची स्वयंसेवक मुलगी अत्यंत सौजन्याने वागली, पण तिला त्याचे उत्तर देता आले नाही. छापील कार्यक्रमपत्रिकेतही त्या चित्रपटांवर काही खूण नव्हती. अखेर समारोपाच्या दिवशी, निकाल जाहीर झाल्यावरच, मला ते कळले. त्या स्पर्धेतला एक चित्रपट मी आदल्याच दिवशी वेळ जुळत असूनही सोडला होता. ज्या पुरस्काराची सगळी ताकद गावोगावच्या प्राथमिक फेरीत आहे, त्याने त्या फेरीची यादी प्रेक्षकाच्या हातात आधी द्यायला हवी. नाट्यस्पर्धेच्या केंद्रावर कोणते नाटक कोणत्या तारखेला आहे, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते.

याला जोडूनच दुसरी उणीव येते. सुवर्ण मेलिएसचा सोहळा दुसऱ्या मोठ्या महोत्सवाच्या अंगणात होत असल्याने त्या महोत्सवाच्या स्वतःच्या बक्षिसांपुढे तो झाकोळून जातो. सित्जेसहून परतताना दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर दोन वर्तमानपत्रे घेतली. दोन्हींत महोत्सवाच्या मुख्य पारितोषिकाची बातमी ठळक होती आणि मेलिएसचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. वर्षभर इतक्या देशांतून चाळून आलेल्या निर्णयाला यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी, आणि ती मिळवण्याचा प्रयत्न महासंघाने अधिक जोराने करायला हवा. अशा पुरस्काराने किती मोठे काम होऊ शकते, हे आपण मराठी माणसांनी पाहिलेले आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, ती पहिली आली, आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक मिळाला. स्पर्धेचा गाजावाजा नसता, तर ती कथा परीक्षकांच्या टेबलावर आलीच नसती.

'फँटास्टिक' या शब्दाची सैल व्याख्या हा तिसरा मुद्दा. त्यावर पुष्कळ वाद घालता येईल, पण मला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. विज्ञान, जादू, भूत आणि नुसते मनोविकृतीचे गूढ हे सगळे एकाच पंगतीत बसवले, की कधीकधी तुलना विचित्र होते, एवढेच.

युरोपीय असण्याच्या अटीबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली व्हेनिसच्या 'क्रिटिक्स वीक' विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि हव्यास यांवर उभ्या असलेल्या या चित्रपटाच्या निर्मितीत स्वीडनमधील संस्थांचाही सहभाग होता. तरीही तो कोणत्याही अर्थाने युरोपीय चित्रपट नाही, आणि मेलिएसच्या पंगतीत त्याला पान मिळण्याचा प्रश्नच येत नाही. सुरुवातीला मला हे खटकत असे. आता ही मर्यादा योग्य वाटते. हॉलिवूडचा पैसा आणि जाहिरात यांच्यापुढे लहान देशांतले भयपट टिकावेत, यासाठीच तर हे कुंपण घातलेले आहे, आणि ते काढले तर एस्टोनियाचा किंवा स्लोव्हेनियाचा चित्रपट पुन्हा कोणाच्या नजरेला पडणार नाही. आशियाई चित्रपटांसाठी याच महोत्सवांपैकी काहींमध्ये वेगळे विभाग आहेत, आणि आपल्याकडचे चित्रपट शोधायचे तर ते तिथे शोधावेत.

भारतात बसून ही यादी वापरायची तर थोडी खटपट करावी लागते. विजेते चित्रपट इथल्या चित्रपटगृहांत क्वचितच लागतात. काही इंटरनेटवरच्या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर येतात आणि काही महिन्यांनी गुपचूप नाहीसे होतात. माझी पद्धत अशी आहे. दर वर्षाअखेरीस त्या वर्षीच्या रौप्यविजेत्यांची नावे मी वहीत मूळ भाषेतल्या शीर्षकांसह उतरवून घेतो, कारण इंग्रजी शीर्षक देशागणिक बदलते आणि शोधताना घोटाळा होतो. मग ती नावे दोन-तीन वर्षे सवडीने शोधत राहतो. पुण्यामुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांच्या याद्या आल्या, की वही काढून ताडून पाहतो. सुवर्णविजेत्यापेक्षा त्याच्याबरोबर अंतिम फेरीला आलेले चित्रपटच मला पुष्कळदा जास्त आवडले आहेत, म्हणून एकट्या विजेत्यावर थांबू नये. यातले बरेचसे चित्रपट लहान मुलांबरोबर पाहण्याजोगे नसतात, हेही आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे एकदा 'अद्भुतपट' एवढाच शब्द ऐकून भाची शेजारी येऊन बसली आणि पंधराव्या मिनिटाला मला चित्रपट थांबवावा लागला. तो उरलेला चित्रपट मी दुसऱ्या दिवशी पहाटे, घरातले उठण्यापूर्वी, आवाज अगदी बारीक करून पूर्ण केला.